सोटेवाला विहिरीत का पडतो?

गहिनीनाथ स्वतःची ओळख करून देताना तीन गोष्टी सांगत. आपली नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत, आणि मेंदूला अजून उपमा सापडलेली नाही. मिरजगावात हायवेलगत, खताच्या दुकानाच्या माडीवर, त्यांचा ‘गरुडनेत्र डिटेक्टिव्ह ब्युरो’ होता. बाहेरच्या फलकावर ‘अत्यंत गुप्त’ ही अक्षरं एवढी मोठी होती की धावत्या एसटीतूनही वाचता येत. शेजारी जिन्याकडे जाणारा बाण काढला होता.

या ब्युरोतला दुसरा माणूस म्हणजे अजिनाथ. तो गहिनीनाथांचा मेहुणा. बहिणीनं, म्हणजे मुक्तानं, त्याला या कामाला लावलं होतं. “दाजींच्या संगं ऱ्हा आणि त्यांच्यावर ध्यान ठेव,” एवढंच ती म्हणाली होती. ब्युरोत पाळत ठेवण्याचं खरं काम तेवढंच चालायचं.

आदल्या महिन्यातली केस शेळीची होती. गहिनीनाथांनी दोन तालुके पालथे घातले. शेवटी शेळी भूक लागल्यावर आपण होऊन गोठ्यात परतली. ‘तपासाच्या दबावामुळे शरणागती’ असा शेरा मारून गहिनीनाथांनी केस बंद केली होती.

अशा या ब्युरोच्या पायऱ्या कल्याण एका सकाळी चढून आला. कल्याणचं पाणबुडी मोटारींचं दुकान होतं. माणूस एरवी गडगडाटी, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसला.

“काय झालं?” गहिनीनाथांनी विचारलं.

“सोटेवाला इहिरीत पडतोय.”

गहिनीनाथ ताडकन उठले. “खून!”

“खून न्हाई. गेम हाय.”

“तेच म्हणतोय मी. कुणी केला गेम?”

अजिनाथनं दाजींना खाली बसवलं आणि कल्याणला पाणी दिलं. मग हकिकत बाहेर आली.

कल्याण पोरगा होता तेव्हा गावात टीव्ही गेम एकाच ठिकाणी होता, स्टँडजवळच्या सलूनात. गिऱ्हाईक नसलं की सलूनवाला पोरांना खुर्चीत बसवून खेळू द्यायचा. कॅसेटवरचं लेबल निघून गेलेलं. पडद्यावर नाव यायचं, पण ते चिनी अक्षरांत. म्हणून हातात सोटा घेतलेल्या त्या गड्याला गावानं सोटेवाला म्हटलं आणि गेमचंही तेच नाव पडलं. सोटेवाल्यानं घुबडं चुकवत, दगडांवरून उड्या मारत किल्ल्यावर पोचायचं आणि झेंडा लावायचा. अख्ख्या मिरजगावात झेंडा लावला तो एकट्या कल्याणनं. बाकीची पोरं वाटेतच संपली.

हा पराक्रम सलूनात राहिला असता तर काही बिघडलं नसतं. कल्याणनं तो घरी आणला. मुलगी राजेश्वरी सायकलवरून पडली की तो म्हणे, “तुझ्या वयात मी घुबडं चुकवलीत.” बीजगणितात गळपटली की, “अगं, किल्ला काय पुस्तक वाचून सर केला व्हय मी?” बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पेढ्याआधी किल्ला निघाला होता. राजेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं, शिकली, पुण्यात नोकरीला लागली. आणि मग तिनं तो गेम शोधून काढला. जुना गेम कंपनीनं नव्या रूपात बाजारात आणला होता. झाडांची पानं हलत होती, विहिरीत पाणी चमकत होतं, सोटेवाल्याला मिशा फुटल्या होत्या. तिनं घरच्या टीव्हीला सगळं जोडून दिलं, नव्या तऱ्हेचा रिमोट बापाच्या हातात ठेवला आणि जाताना म्हणाली, “पप्पा, येत्या रविवारी येते. झेंडा लावून दाखवा. मी व्हिडिओ काढणार आहे.”

“मग?” अजिनाथनं विचारलं.

“मग काय! पयलं घुबड आलं की सोटेवाला पाठ फिरवतो आन् मागच्या इहिरीत उडी टाकतो. हळू हळू चाललं तर जमतंय, पण घाई झाली की अंगठा आपल्या मनानं पळतो. पयल्या घुबडाच्या म्होरं गेलोच न्हाई मी.” कल्याणनं आवाज खाली आणला. “गहिनीनाथा, पोरीला जन्मभर ह्याच किल्ल्याच्या जिवावर बोललोय. तिच्यासमोर मी इहिरीत पडलो तर बाप म्हणून माझं ऱ्हायलं काय?”

गहिनीनाथांनी डोळे मिटले. “अजिनाथ, भिंग घे.”

कल्याणच्या घरी बैठकीत टीव्ही भिंतीला टांगलेला होता. कोपऱ्यात कल्याणची आई लंकाबाई मेथी निवडत बसली होती. गहिनीनाथांनी प्रथम टीव्हीला, मग रिमोटला आणि मग, का कोण जाणे, मेथीला भिंग लावलं.

“खेळून दाखवा.”

कल्याणनं खेळून दाखवलं. घुबड आलं. सोटेवाला वळला आणि विहिरीत गेला.

“परत.”

सोटेवाला परत गेला.

“थांबा!” गहिनीनाथ पडद्याला नाक लावून उभे राहिले. “सोटा कोणत्या हातात आहे?”

“उजव्या,” अजिनाथ म्हणाला.

कल्याण चमकला. “आरं व्हय की! आमचा सोटेवाला डावरा हुता.”

गहिनीनाथांच्या चेहऱ्यावर तेज आलं. “संपलं. हा सोटेवाला नव्हेच. हा तोतया आहे! पानिपतानंतर पुण्यात तोतया आला होता की नाही? तसाच. मिशा कशाला लावल्यात? ओळख लपवायला. तोतयाला किल्ला कुठाय हे ठाऊक नसतं. मग तो काय करील? मिळेल त्या विहिरीत उडी मारील.”

“मग ह्यो खरा कवा येणार?” कल्याणनं विचारलं.

गहिनीनाथ विचार करायला सोफ्यावर बसले, ते नेमके रिमोटवर. पडद्यावर सोटेवाला तीरासारखा पुढं सुटला, घुबडाखालून निघाला आणि दोन दगड ओलांडून झाडात अडकला.

“दाजी,” अजिनाथ म्हणाला, “म्हणजे गेम चांगला आहे. तुम्ही बसलात तरी चालतो.”

“अर्थात,” गहिनीनाथ म्हणाले. “मी मुद्दामच बसलो. आता तोतया बाद. दोष कंट्रोलचा आहे.”

नव्या गेमात कंट्रोलचे दोन प्रकार होते. आधुनिक पद्धतीत अंगठ्याखाली फिरणारी दांडी असायची आणि सोटेवाला हवेत दुसरी उडीही मारू शकायचा. जुन्या पद्धतीत पूर्वीसारखी चार बाणांची बटणं. गहिनीनाथांच्या मते आधुनिक कंट्रोल हा जुन्या खेळाडूंना नामोहरम करण्याचा जागतिक कट होता. अजिनाथनं जुनी पद्धत लावून दिली. सोटेवाला जुन्या पद्धतीनं विहिरीत पडला.

“आधुनिकच बरं हुतं,” कल्याण म्हणाला. “तिथं निदान हवेत दोनदा उडी मारून पडायचा.”

मग अंगठ्याची पाळी आली. गहिनीनाथांनी कल्याणचा अंगठा भिंगाखाली धरला, थोडा डॉक्टरच्या, थोडा ज्योतिष्याच्या ढंगात. “दिवसभर मोबाईल बघता?”

“बगतो की.”

“अंगठा वर-खाली, वर-खाली. आडवं जायचं तो विसरला आहे. याला आडवं वळण लावलं पाहिजे.”

दोन दिवस कल्याणनं दुकानात बसून अंगठा आडवा हलवला. मोटार घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, हा आपल्याला जा म्हणतोय. ते श्रीगोंद्याला जाऊन मोटार घेऊन आलं. घरी सोटेवाला पडतच राहिला, फक्त आता जरा जोरात पडायचा.

शुक्रवारी गहिनीनाथांनी संशयिताकडे मोर्चा वळवला. लंकाबाईंनी पूर्वी या गेमापायी कल्याणला सलूनातून कान धरून घरी आणल्याची नोंद त्यांच्या डोक्यात होती.

“मावशी, तुमचा या खेळावर राग होता. व्हय का न्हाई?”

“व्हय. पर बाबा, म्या म्हंते, ह्यो पोरगा तिथं—”

“फक्त व्हय का न्हाई!”

“आरं, तिथं त्यो कसा बसायचा ते तरी—”

“मावशी, कोर्टात असं चालत न्हाई.”

“ह्ये कोरट हाय व्हय? मला वाटलं माझं घर हाय.” लंकाबाई मेथीची जुडी उचलून आत निघून गेल्या.

“पळाली,” गहिनीनाथ म्हणाले. “लिहून घे.”

अजिनाथनं काही लिहिलं नाही. त्याला कल्याणकडे बघवेना. दुकान बायकोवर सोपवून माणूस सकाळपासून विहिरीत पडत होता. मध्येच पुण्याहून फोन आला. कल्याण म्हणाला, “हो हो, प्रॅक्टिस कशाला लागतीय मला? ये तू.” फोन ठेवल्यावर त्यानं पुन्हा रिमोट उचलला.

“रविवारी तुम्ही आजारी पडा,” गहिनीनाथांनी त्याला सुचवलं. “अंगठ्याला प्लास्टर घालू.”

“दाजी!” अजिनाथ म्हणाला.

“बरं मग शेवटचा उपाय. गुन्ह्याच्या जागेची हुबेहूब पुनर्रचना!”

जुनं सलून केव्हाच बंद झालं होतं. सलूनवाला मुलाकडे चाकणला राहायला गेला होता. पण त्याची फिरती खुर्ची एका चहाच्या टपरीमागं पडून होती. गहिनीनाथांनी ती टेम्पोत घालून आणवली. शनिवारी सकाळी ती कल्याणच्या बैठकीत टीव्हीसमोर मांडली गेली. कल्याणला तिच्यात बसवलं. गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं. अजिनाथला मानेवर पाण्याचा फवारा मारायला सांगितलं. गहिनीनाथ स्वतः मागं उभे राहून हवेत कात्री चालवू लागले.

“वास आला पाहिजे,” ते म्हणाले. “तुरटी फिरव.”

कल्याणच्या गालावर तुरटी फिरली. त्यानं दीर्घ श्वास घेतला. “आलं, समदं आठवलं!” त्यानं रिमोट उचलला. घुबड आलं. सोटेवाला वळला आणि विहिरीत गेला.

गहिनीनाथांची कात्री हवेतच थांबली. दारात लंकाबाई उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे.

“मी बोलू का, का अजून कोरट चालू हाय?”

“बोला मावशी,” अजिनाथ घाईघाईनं म्हणाला.

“खुर्ची आनली, फडकं आनलं, तुरटी आनली. आरसा कुठंय?”

“आरसा?”

“आरं, सलूनातली खुर्ची आरशाकडं तोंड करून आसती. टीव्ही पाठीमागच्या भिताडावर हुता, दाढी करताकरता लोकास्नी किरकेटची म्याच बगता यावी म्हनून. ह्यो कल्याण खुर्चीत बसून आरशात बगून खेळायचा. म्या दारात आले की आरशात मी दिसायचे आन् ह्यो खुर्चीतनं उडी टाकून पळायचा. आरशात डावं ते उजवं आसतं, येवढं तर कुकू लावताना बी कळतं.”

अजिनाथच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागले. डावरा सोटेवाला. चिनी अक्षरं, जी उलटी दिसणारी इंग्रजी होती. लहानपणी कल्याणचा अंगठा दिसेल त्याच्या उलट्या दिशेला जायला शिकला होता आणि तेच इमानानं अजून करत होता. आरसा इतका रोजचा होता की तो आहे हे सांगायचंच कुणाच्या मनात आलं नाही.

“तरीच!” कल्याण कापडासकट उभा राहिला. “तरीच सलूनात समदे ब्याट्समन डावरे दिसायचे!”

“माझा रोख पहिल्यापासून आरशाकडेच होता,” गहिनीनाथ म्हणाले. “म्हणूनच मी खुर्ची आणवली.”

आतल्या खोलीतलं आरशाचं लोखंडी कपाट तिघांनी ढकलत बैठकीत आणलं आणि टीव्हीच्या समोरच्या भिंतीला लावलं. खुर्ची तिकडे फिरवली. कल्याणनं टीव्हीकडे पाठ करून आरशात पाहिलं. घुबड आलं. डावरा सोटेवाला त्याच्याखालून असा निसटला की लंकाबाईंच्या हातातला ट्रे हलला.

रविवारी राजेश्वरी आली ती मोबाईल सरसावूनच. बैठकीत तिचा बाप सलूनच्या खुर्चीत कपाटाकडं तोंड करून बसला होता.

“पप्पा, टीव्ही मागे आहे.”

“ठाऊक हाय. बस.”

ती सोफ्यावर बसली. पहिल्या घुबडाला ती हसत होती. तिसऱ्या दगडाला हसू थांबलं. तिनं स्वतः पुण्यात हा गेम खेळून पाहिला होता आणि तिसऱ्या दगडापुढं तिला जाता आलं नव्हतं. सोटेवाला झाडावर चढला, झुलत्या फांदीवरून सुटला, किल्ल्याच्या तटावर लटकला. राजेश्वरीचा मोबाईल मांडीवर उतरला. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. “डावीकडे, डावीकडे!” ती ओरडली, आणि मग “उजवीकडे, म्हणजे तेच ते!” सोटेवाला बुरुजावर पोचला. झेंडा वर गेला.

लंकाबाईंनी मुलावरून मीठ ओवाळलं. गहिनीनाथ ओट्यावर जमलेल्या शेजाऱ्यांना आरशाचा शोध आपल्याला कसा लागला हे सांगायला गेले.

पडद्यावर अक्षरं आली. अजिनाथ टीव्हीकडं तोंड करून उभा होता. त्यानं ती वाचली. राजेश्वरीनंही मान वळवून वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं: शाबास, सराव पूर्ण झाला, आता खरा खेळ सुरू होतो.

राजेश्वरी आणि अजिनाथ यांची नजरानजर झाली. सायकल, बीजगणित, बारावी, सगळ्याची परतफेड एका वाक्यात टीव्हीवर उभी होती. फक्त वाचून दाखवायचं होतं.

“ही बग, हीच ती अक्षरं!” कल्याण आरशात बघत म्हणाला. “ही आली की सलूनवाला म्हणायचा, झालं, संपला गेम, आन् टीव्ही बंद करायचा. काय लिव्हलंय गं?” त्यानं पायानं जमीन रेटली आणि जुनी खुर्ची करकरत टीव्हीकडं वळायला लागली.

राजेश्वरी उठली. तिनं वळत्या खुर्चीतल्या बापाच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि एक बटण दाबलं. खुर्ची पुरती वळेपर्यंत पडदा काळा झाला होता.

“लिहिलं होतं,” ती म्हणाली, “इथवर आजपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं.”

कल्याणनं गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि नीट घडी घातली.

“मला वाटलंच हुतं,” तो म्हणाला.