साडेतीन लेकरांचा पासंग

पहिल्या भेटीत माणूस माणसाला नाव विचारतो. रंगनाथमामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सर, तुमी म्हंजे साडेतीन लेकरं!" उरलेलं अर्धं कुठाय म्हणून मी पोटाकडं पाहिलं. होतं.

मामा आमचे पाथरीचे शेजारी. जन्म वर्कशॉपात गेला, आता अंगणात लेकरांसाठी खेळणी जोडतात, म्हणून माणसाचं वजनही लेकरांतच मोजतात. भंगारातले पाइप, जुनी बेअरिंगं, ट्रॅक्टरच्या सीटा. मोटर लावायचं नाव काढलं की भडकतात. "लेकराच्या अंगात मोटर कमी हाय का? अन् एकट्यानं खेळायचं मी करीतच न्हाई!"

देवगाव फाट्याच्या शाळेसाठी उडनखटोला बनवणं चाललं होतं. सीसॉच, पण वरखाली होता होता गरगर फिरणारा. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "सर, पासंगाला या!" पासंग म्हणजे तागडीचा तोल साधायला ठेवतात तो दगड. मी मराठीच शिकवतो, अर्थ ठाऊक होता. तरी लगबगीनं जायचो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मांडीवर वाळूचं पोतं घेतलेले काडीपैलवान मामा. स्टाफरूममध्ये मी "आमचं डिझाइन" म्हणायला लागलो. एकदा सीटमध्ये असा रुतलो, की गल्ली जमली. बायको म्हणाली, "घरातला बल्ब बदलता येईना, अन् निघाले इंजिनेर!" मामा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

शाळेचा माणूस खटोला न्यायला आला की मामा म्हणायचे, "अजून करकर हाय." मला काही ऐकू येत नसे. वाटायचं, आपलेच कान कच्चे.

मग मी मेव्हण्याच्या लग्नाला सोनपेठला गेलो. परतलो, तर अंगणात खटोला हलत होता. एका टोकाला मामा, माझ्या जागेवर ते पोतं. करकर औषधालाही नाही.

"मामा, हा तर तयार आहे की!"

मामा ओशाळले. "कवाच झालाय, सर. तुमची मामी गेल्यापासून संध्याकाळ सरत न्हाई. खटोला गेल्यावर तुमी कशाला येताव?" मग पोत्याकडं हात करून म्हणाले, "ह्ये वजनाला बरं हाय. पण हासत न्हाई."

आणि मी गाढव स्वतःला इंजिनेर समजत होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खटोला टेम्पोत चढवला. टेम्पो गेल्यावर मामा मोकळ्या अंगणात उगाच झाडू मारत राहिले. संध्याकाळ झाली, हाक आली नाही. शेवटी मीच भिंतीवरून ओरडलो, "मामा, पुढचा कधी? साडेतीन लेकरं घरी बसून रडायलीत!"