राधाकिशनरावांचा निळा ड्रम

अंबाजोगाईच्या कॉलेजातली कारकुनी संपवून राधाकिशनराव उमापूरला परतले आणि आल्या आल्या त्यांनी घरामागचा वडिलोपार्जित उकिरडा शेजारच्या त्रिंबकला देऊन टाकला. सुधारलेली माणसं खत घरच्या घरी करतात, असं त्याला ऐकवून त्यांनी दारात प्लास्टिकचा निळा ड्रम मांडला.

"जड झालं तर टाका हिकडं, आण्णा," त्रिंबक म्हणाला. "आपलाच हाय उकिरडा."

हे त्यांना असं झोंबलं, की मेलो तरी त्या उकिरड्याची पायरी चढणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या पत्नी विमलबाईंनीही मुदत घातली. दिवाळीपर्यंत खत झालं नाही, तर ड्रम भंगारात जाईल आणि कचरा घेऊन त्रिंबककडे स्वतः राधाकिशनराव जातील.

चैत्रात कांद्याची सालं कुजण्याऐवजी वाळून खणखणीत झाली. ओलावा हवा, असं मोबाइलमधला माणूस सांगत होता. पण टँकरवर बायका घागरींनी भांडत असताना कचऱ्याला पाणी पाजणार कोण? मग राधाकिशनराव घमेल्यात बसून आंघोळ करू लागले आणि अंगावरचं पाणी ड्रमला पाजू लागले. विमलबाईंनी त्या वेळेला दार लोटून घेण्याची सवय लावून घेतली.

पावसाळ्यात ड्रमचा चिखल झाला. त्यात श्रावणातल्या सणावारांच्या भाज्यांची देठं आणि सालं पडली, आणि वास गल्लीभर हिंडू लागला. ऐन महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी, दारापासून मखरापर्यंत रांगोळीने काढलेल्या लक्ष्मीच्या पावलांवरून एक लठ्ठ अळी शिस्तीत आत निघालेली विमलबाईंना दिसली.

"तुमची पाव्हणी आली बगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ड्रमचं झाकण ठोकून बसवलं. हवा बंद झाल्यावर आतला माल आणखीच नासला.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला एक दिवा उकिरड्यावर लावायचा, ही घरची रीत. उकिरडा तर दान केलेला. विमलबाईंनी फार विचार केला नाही, पणती ड्रमच्या झाकणावर ठेवली. आत आरती होईपर्यंत तेल सांडलं, वात कलंडली, झाकणाला हे एवढं भोक पडलं आणि दिवा ड्रमात गडप झाला. धूर पाहून त्रिंबक बादली घेऊन धावला.

मुदत संपली, पण भंगारवाल्याने भोकाचा ड्रम नाकारला, म्हणून तो दारातच राहिला. भोकातून आता वारं खेळू लागलं. शिमग्याला राधाकिशनरावांनी ड्रम उकरला, तर आत काळंभोर, मऊ खत! त्यांचे डोळे भरून आले. गावभर सांगावंसं वाटलं.

मूठभर तुळशीला घातलं, तिचं भागलं. बाकीचं घालायचं कुठे? दारात दुसरं झाड नव्हतं आणि रान त्रिंबककडेच बटईने, निम्म्या वाट्यावर कसायला होतं. ड्रम रिकामा केल्याशिवाय नवा कचरा मावेना. शेवटी घमेल्यावर उपरणं झाकून ते सकाळीच मागल्या बाजूला गेले. त्रिंबक दात घासत उकिरड्यावरच उभा होता.

"कचरा न्हाई, खत हाय," राधाकिशनराव घाईने म्हणाले.

"मग झाकून काहून आणलं?" त्रिंबकने उपरणं उचलून वास घेतला. "लई बेस झालंय, आण्णा. टाका. आपलाच हाय."

घमेलं उकिरड्यावर पालथं झालं. तेवढ्यात दारातून विमलबाईंची हाक आली.

"आवं, घमेलं लवकर आणा. डरम वाळाय लागला, अन् तुमची आंघुळ ऱ्हायलीय."