नारंगी जाकिटातली परी

साल दोन हजार चोवीस. मी तेव्हा शहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मला खविसाच्या तब्येतीबद्दल उत्तरं द्यावी लागत होती.

"आबा, खविसाला थंडी वाजती का?"

"न्हाई वाजत."

"मंग बोगद्यात त्यो शेकोटी का करतोय?"

"मला काय इचारतो? शेकोटी तूच पेटवलीस!"

"व्हय की," म्हणून तो निघून जायचा.

हा गौतम. मावळातल्या कान्हे गावात आमच्या समोरचं घर त्याचं. रेल्वेत चावीवाला होता. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या ढिल्या झाल्यात का हे पायी फिरून बघायचं आणि ढिली सापडली की हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्याचं काम. जन्मभर ठोकण्यात गेल्यामुळं रिटायर झाल्यावरही त्याचा हात गप बसत नाही. हातात काठी असते आणि दिसेल त्याच्यावर ती वाजते. माझ्या ओट्याचा खांब, पाण्याची टाकी, ग्रामपंचायतीचा बोर्ड. ठोकायचं आणि कान लावायचा. एकदा माझ्या गुडघ्यावर ठोकलं आणि म्हणाला, "आबा, ढिला झालाय." गाव त्याला गौतम म्हणतच नाही, चावीवालाच म्हणतं.

खविसाची चौकशी करतो म्हणजे कुणी मांत्रिक असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. उलटं आहे. हा माणूस भूतखेत काही मानत नाही. त्याच्या बापानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, आणि त्याच दिवशी घरातली सगळी भुतं गाठोडं बांधून बाहेर काढली, असं तो सांगतो. रेल्वे फाटकाजवळच्या पिंपळावर मुंजा आहे हे शेंबड्या पोराला पण माहीत. चावीवाला अमावास्येला मुद्दाम त्याच झाडाखाली डबा उघडायचा आणि वर बघून म्हणायचा, "ये खाली, भाकरी देतो." मुंजा उतरला नाही. मी म्हणतो, कसा उतरेल? चावीवाल्यानं त्याला पण ठोकून बघितला असता.

आणि या माणसानं पऱ्यांची आणि खविसांची कादंबरी लिहायला घेतली.

कारण त्याची नात. प्रज्ञा. पंधरा पुरी, दहावीची परीक्षा दिलेली. तिची आई सुनंदा, म्हणजे गौतमची सून, आदल्या वर्षी आजारपणात गेली. बाप चाकणला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. सुट्टीला घरी येणार आणि तेवढा वेळ झोपून काढणार. घरात राहिले आजा आणि नात. आणि नात आज्याशी, तिच्या तात्यांशी, बोलत नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही. "जेवा." "झालं." "दार लावते." एवढ्यावर त्या घराचा सगळा कारभार चालला होता. बाकी दिवसभर पोरगी खिडकीत बसून इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचायची. पुस्तकांवर पंखवाल्या पोरी आणि टोकदार कानांचे हिरवे बुटके. तिला जूनमध्ये अकरावीसाठी पुण्याला मावशीकडं पाठवायचं ठरलेलं होतं.

"अशीच गेली, तर संपलं आबा," गौतम मला म्हणाला. "सुट्टीला यील. पर पावण्यावानी यील."

"मंग बोल की तिच्याशी."

"काय बोलू? रूळ ठोकला की आवाजावरनं कळतं, चावी कुटं ढिली हाय. हितं आवाजच न्हाई. ठोकू कुटं?"

म्हणून कादंबरी. पोरगी जे वाचते तेच आपण मराठीत लिहायचं, जूनच्या आत, आणि तिच्या हातात द्यायचं. मग तरी ती काही म्हणेल. वाईट आहे म्हणेल. पण म्हणेल.

सल्लागार मी. मी तिसरी शिकलोय. चौथीच्या मास्तरानं मला विनाकारण उभं केलं, मी बसलो. तो म्हणाला ऊठ, तर मी शाळेतूनच उठलो. पण खवीस, मुंजा, चकवा, आसरा यातलं माझ्याएवढं कळणारा माणूस मावळात असेल तर त्यानं समोर यावं.

चावीवाल्याला बसून सुचायचं नाही. रुळाच्या कडेच्या पायवाटेनं फिरत तो मोबाईल तोंडासमोर धरून बोलायचा, आणि बोललेलं मोबाईल आपोआप लिहून घ्यायचा. नोकरीत वॉकीटॉकीची सवय, त्यामुळं प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर'. मोबाईल तेही इमानदारीनं लिहायचा. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मला वाचून दाखवायचा, तेही ठणठणीत आवाजात: "परीने डोळे पुसले ओव्हर. ती म्हणाली मला भीती वाटते ओव्हर."

"सारखं काय ओव्हर?"

"ते मागनं काढू. आधी गाडी पुढं जाऊ द्या."

गाडी खंडाळ्याच्या घाटात चालली होती. तिथल्या बोगद्यांत त्याचे खवीस राहतात. पण कसले खवीस! त्यांना पाळ्या आहेत. आठवड्याची सुट्टी आहे. एक खवीस माणसाला घाबरवायला उशिरा पोचला तर त्याला मेमो मिळाला. परीला या डोंगरावरून त्या डोंगरावर उडायचं असेल तर आधी लाइन क्लियर, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याची परवानगी, मागावी लागते. आणि वर, परीच्या अंगात रुळावरच्या कामगारांचं नारंगी जाकीट.

"परीला जाकीट?" मी ओट्यावरून पडायचाच राहिलो.

"घाटात धुकं किती असतंय आबा! ड्रायवरला दिसली न्हाई म्हंजे?"

"अरं, परी हाय ती! गाडीतनं आरपार जाईल!"

त्यानं काठी ओट्यावर आडवी ठेवली. "रुळावर कोन आरपार जात न्हाई," म्हणाला. त्यानं नोकरीत काय काय बघितलं असेल ते मी विचारलं नाही. जाकीट राहिलं.

गोष्टीत एक पोरगी काहीतरी हरवलेलं शोधायला घाटात शिरते. खवीस तिला चुकीच्या बोगद्यात पाठवतात, पऱ्या झेंडी दाखवून परत आणतात. पोरीचं काय हरवलंय ते मात्र हा सांगेना. मे महिना लागला. करवंदं पिकली, तरी पोरीला ते सापडेना, आणि समोरच्या खिडकीतली पोरगी बोलेना. चावीवाला वाळत चालला. काठी हातात असायची, पण ठोकल्यावर कान लावायचं विसरायचा.

मग गोष्ट माझ्या विहिरीशी आली.

माझ्या भाताच्या खाचराच्या कडेला जुनी विहीर आहे. तिच्यात साती आसरा आहेत, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, ते त्यांचं ठाणं. भाताच्या रोपासाठी आम्ही जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतो, त्याला राब भाजणं म्हणतात. राब भाजायच्या आधी आसरांना सात बांगड्या आणि सात ठिकाणी दहीभात. माझ्या बापानं ठेवला, आज्यानं ठेवला, मी ठेवतो.

"आबा, तुमच्या आसरा गोष्टीत घेऊ का?"

"मला न्हाई, त्यांना इचार. दहीभात ठेव, हात जोड."

"हात न्हाई जोडायचो. पर कुनाच्या घरात शिरायचं तर इचारावं, येवडं मानतो."

गेला विहिरीच्या काठावर. डोक्यावरची टोपी काढली आणि आत बघून मोठ्यानं म्हणाला, "मी गौतम, कान्हे. आपल्याला पुस्तकात घेण्याची परवानगी मागतो. ओव्हर." आणि खरंच थांबला. आत एक बेडूक ओरडला.

"मिळाली," म्हणून त्यानं टोपी घातली.

दुसऱ्या संध्याकाळी वाचायला लागला. विहिरीतून एकेक आसरा वर आल्या. पहिलीच्या केसांत शेवाळ, दुसरीच्या हातात कमळ. बरं चाललं होतं. सातवी आली. मग म्हणतो, "त्यांच्या मागून आठवी आली ओव्हर."

"थांब. आठवी?"

"आठवी."

"साती आसरा म्हंत्यात लेका! साती!"

"ऐका तरी ती कशी हाय ते," म्हणून त्यानं पुढं बरंच काही वाचलं. मी आकड्यालाच धरून बसलो.

"खविसाला पेन्शन दे, परीला डबा दे, मी बोललो का कदी? पर आसरा सात. गोष्ट तुजी, विहीर माजी!"

त्यानं मोबाईल खिशात घातला. "सगळं बदलंन आबा. ही न्हाई बदलायचो."

"मंग माज्या ओट्यावर यिऊ नगं."

तो उठला आणि खांबाला काठी न लावता गेला.

तो यायचा बंद झाला. मीही गेलो नाही. मी का जाऊ? सात म्हणजे सात.

राब भाजायचा दिवस आला. दुपार कलल्यावर मी बांगड्या आणि दहीभात घेऊन विहिरीवर गेलो, तर काठावर प्रज्ञा बसलेली. पाय आत सोडून. विहिरीला कठडा नाही. मे महिन्याचं पाणी पार तळाला, खाली नुसता खडक. हाक मारली तर दचकेल. नाही मारली तर काय करेल, कोण जाणे. मी आपला काहीच बघितलं नाही असं दाखवून दगडांपाशी बसलो आणि बांगड्या मांडायला लागलो.

"आबा, आठवी कशी आहे?" तिनं पाठ न वळवताच विचारलं.

"तुला कुनी सांगितलं आठवीचं?"

"तुमचं भांडण अख्ख्या आळीनं ऐकलं."

तेवढ्यात मला बांधावरून गौतम पळत येताना दिसला. अनवाणी. घर रिकामं बघून निघाला असणार, आणि निघताना सवयीनं गाडी थांबवायची नोकरीतली लाल झेंडी उचलली असणार. आम्हाला बघून तो करवंदीच्या जाळीपाशी जागच्या जागी थांबला. ओरडला नाही. दोन्ही हातांनी झेंडी ताणून धरली आणि तसाच उभा राहिला. पोरीची पाठ त्याच्याकडं. झेंडी दिसत होती ती मला एकट्याला.

पोरीला बोलण्यात धरून ठेवायची, एवढंच मला कळलं. "सात माज्या वळखीच्या," मी म्हटलं. "आठवी तुज्या आज्यानं घुसडली. लय येगळीच हाय. अंगात परीसारखंच नारंगी जाकीट. घरात शिरल्यावर मंग इचारती, 'येऊ का?' चपलेला पिन लावलेली. घागर विसळती, परत विसळती, तरी तिला ती खरकटीच वाटती. गोष्ट सांगायच्या आधी आपुनच हासती, आन् हासता हासता गोष्ट..."

ही तर सुनंदा. ही बाई 'येऊ का' म्हणत कितीदा माझ्या ओट्यावर आधीच येऊन बसलेली होती. गौतमनं वाचलं तेव्हा मी सात आणि आठ करत बसलो होतो.

मी दहीभाताचा पहिला घास दगडापुढं ठेवला.

"आई गेली तेव्हा मी तात्यांना विचारलं, ती आता कुठं आहे," पोरगी म्हणाली. "ते म्हणाले, कुठंच नाही. मेलेलं माणूस कुठंच नसतं."

"पाय वर घे बाय," मी म्हटलं, "त्यो दगूड सुटा हाय."

तिनं पाय वर घेतले. उठली, वळली, आणि तिला झेंडी धरलेला आजा दिसला.

"तात्या," ती म्हणाली, "आई जाकीट घालायची नाही."

गौतमनं झेंडी खाली घेतली. "धुकं असतंय गं घाटात."

"असू दे. तिला नारंगी रंग आवडायचा नाही. काढा ते."

"काढतो."

"आणि ते ओव्हर."

"ते बी काढतो. तुला कसं म्हाईत?"

"तुम्ही रोज केवढ्यानं वाचता! खिडकीत सगळं ऐकू येतं. आणि आई सगळ्यांच्या मागून का येते? ती पुढं चालायची. आपल्याला पळावं लागायचं तिच्यामागं."

गौतम बांधावर बसला. ती त्याच्याजवळ गेली, झेंडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि गुंडाळता गुंडाळता सुरूच होती. परी असं बोलत नाही, खविसाला मेमो कोण देतं, पहिलं प्रकरण फार लांबलंय. वर्षभराचं साचलेलं सगळं त्या बिचाऱ्या खविसांवर निघालं. ती बोलत बोलत पुढं झाली. हा उठला, चार पावलं गेला आणि माझ्याकडं परत आला.

"आबा, मी तिला खोटं न्हाई सांगितलं. आजबी सांगायचो न्हाई. सुनंदा न्हाई कुटं." त्यानं मागं वळून पोरीकडं बघितलं. "पर पुस्तकात... पुस्तकात चालतं ना?"

मी जन्मात पुस्तक वाचलेलं नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"चालतं," मी म्हटलं. "आठ बी चालत्यात."

"तात्या, येताय ना?" बांधावरून हाक आली, आणि तो पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राब तसाच ठेवला, बेटातले बांबू तोडून आणले आणि विहिरीला कठडा बांधला. कमरेएवढा झाला. मग मनात आलं, पोरगी अजून वाढायचीय, म्हणून वर आणखी एक आडवा बांबू आवळून टाकला.