तबकडीतले पेटीकाका

यंत्रांच्या बाबतीत मी कधी मागे राहिलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीत व्हिडिओ कॅसेट पहिल्यांदा लागली ती माझ्या घरात. डीव्हीडी पहिल्यांदा अडकली, तीही माझ्याच घरात! त्यामुळे हाय डेफिनिशनच्या नव्या तबकड्या निघाल्याचं कानावर आलं, तेव्हा माझा जीव जुन्या यंत्रात रमेनासा झाला.

"पण जुन्याला काय धाड भरलीय?" आमच्या हिने विचारलं.

"काही नाही. म्हणून तर आत्ताच बदलायचं! ते बंद पडेपर्यंत थांबलो तर जग कुठच्या कुठे गेलेलं असेल."

"जाऊ दे की. आपल्याला कुठे त्याच्याबरोबर जायचंय?"

बायकोशी वाद घालू नये, तिला चित्र दाखवावं. दुकानदाराने मला तेच दाखवलं होतं. एका गायिकेच्या कानातल्या कुडीवर अख्खं सभागृह उलटं दिसत होतं! मी तिथेच विरघळलो.

शेजारचे घड्याळवाले मात्र विरघळणाऱ्यांतले नाहीत. रोज भिंग डोळ्याला लावून बसणारा माणूस. ते म्हणाले, "ऐकतो की दोन कंपन्यांनी दोन तऱ्हेच्या तबकड्या काढल्यात. एकीची दुसरीच्या यंत्रात चालत नाही. त्यांचं भांडण मिटू दे, मग बघू." समोरचे पोस्टमास्तर, आता निवृत्त, त्यांचं मत आणखी सावध. "आधी तुम्ही घ्या. तुमचं काय होतंय ते बघतो आणि मग ठरवतो." या माणसाने लग्नसुद्धा धाकट्या भावाचं काय होतंय ते बघून केलं होतं.

मी यंत्र घेतलं आणि ठरवलं, या दोघांना एका दुपारी आपल्या बाजूला आणायचं. आणि त्यासाठी तबकडीही तशीच हाताशी आली. पण इथे मला थोडं थांबून मावशीचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. माझी नुसती फजिती आहे.

माझ्या मावशीचे यजमान एका कीर्तनकार बुवांच्या मागे पेटी वाजवायचे. सगळे त्यांना पेटीकाका म्हणायचे. जन्मभर बुवा पुढे उभे आणि काका मागे, पेटीवर मान घालून बसलेले. कीर्तनाला गेलेल्या माणसाला काकांचा भांग तेवढा दिसायचा. मावशी बायकांच्या बाजूला बसायची, तिलाही तो भांगच. ती म्हणायची, "यांचं तोंड मी घरी बघते. देवाच्या दारात कसं दिसतं, ते मला माहीत नाही."

बुवांनी थांबायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मंडळाने शेवटच्या कीर्तनाचं चित्रीकरण करून घेतलं. त्या दिवशी अघटित घडलं! बुवांनी शेवटी मागे वळून काकांना म्हटलं, "आज शेवटचं कडवं तुम्ही गा." आणि काका गायले. नेमकी त्याच दिवशी मावशी तापाने घरी पडून होती. काकांनी घरी येऊन सांगितलं, "आज मला एक कडवं मिळालं." मावशी म्हणाली, "गा की मग." काका म्हणाले, "घरी कसलं गाणं!" आणि जेवून झोपले. तिने पुढे कितीदा विचारलं असेल, पण ते कडवं तिच्यापुढे आलं नाही. मग काका गेले. आणि मागोमाग मंडळाने तबकडी काढली, नव्या तऱ्हेची, हाय डेफिनिशनची.

मावशीकडे यंत्र नाही. लेकीने तिला कायमचं आपल्या गावी बोलावलं होतं. ज्या दिवशी संध्याकाळी तिची गाडी यायची होती, त्याच दुपारी मी तिला घरी बोलावलं. तिने तबकडी पदरात गुंडाळून आणली होती.

"अरे, त्यांचं कडवं आहे ना रे यात?"

"मावशी, कडवंच काय, कडवं गाताना घशातली शीर हललेली दिसेल!"

"शीर नको. आवाज ऐकू येऊ दे म्हणजे झालं."

आम्ही पाच जण बसलो. मावशी मधल्या खुर्चीत, शेजारी आमची ही, एका बाजूला पोस्टमास्तर, दुसऱ्या बाजूला घड्याळवाले. यंत्रासमोर पाट टाकून मी. कीर्तन म्हणजे कीर्तन, तबकडीतलं असलं म्हणून काय झालं? मी चपला बाहेर काढायला लावल्या, टेलिफोन उचलून ठेवला, सगळ्यांना हात जोडायला सांगितले आणि तबकडी आत सरकवली.

पडदा उजळला. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला! बुवा असे उभे की जणू आमच्याच खोलीत. उपरण्याचा धागा न् धागा वेगळा. बुवांनी ओळ घेतली,

"उभा तुझ्या दारी, घेशील का आत..."

टाळकऱ्यांनी ती उचलली. मागे काका, मान खाली. एक माशी येऊन बुवांच्या खांद्यावर बसली, तिने पुढचे पाय चोळले आणि उडाली. आणि त्याच वेळी काकांनी मान वर केली! डावीकडे, बायकांच्या बाजूला त्यांनी एकदा नजर फिरवली, आणि मान पुन्हा खाली घातली. मावशीच्या तोंडून नुसतं "अगं बाई!" एवढंच निघालं.

पडदा क्षणभर काळा झाला. बुवांनी पुन्हा ओळ घेतली.

"उभा तुझ्या दारी, घेशील का आत..."

आता, कीर्तनाची सवय असलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. बुवा पहिली ओळ आळवतात. ती ऐकणाऱ्याच्या मनात मुरल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आमचे बुवा तर आळवण्यासाठीच नावाजलेले! तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मी डोळे मिटले. चौथ्यांदा आली तेव्हा पोस्टमास्तर डोलू लागले.

"काय आळवतोय हो! या वेळी 'आत' वर जरा जास्त वजन दिलं, बघितलंत?"

"आणि आधीच्या वेळी 'दारी' वर," मी म्हणालो. "एकच ओळ, पण दर वेळी नवी! याला म्हणतात साधना."

"खाली त्या इंग्रजी अक्षरांच्या चार चौकटी कसल्या हो?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"देणगीदार असतील," मी म्हणालो. मंडळाच्या कापडी फलकावर खाली देणगीदारच असतात. सगळ्यांनी चौकटींना आदराने मान लववली.

ओळ चालूच होती. माझे पाय बधिर झाले, पण कीर्तनातून मधेच उठणं आमच्या घरात नाही. घड्याळवाल्यांची मांडी दोनदा बदलून झाली. आमची ही तेवढी हात जोडून, पण डोळे बारीक करून बसली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"अहो, ही माशी तीच आहे."

"असेल. नेमाने कीर्तनाला येणारी माणसं नसतात का? तशी माशी."

"दर वेळी त्याच खांद्यावर बसते."

"निष्ठा आहे तिची!"

"दर वेळी दोनदाच पाय चोळते आणि काका मान वर करतात तेव्हाच उडते. अहो, ओळ पुढे सरकत नाहीय. तेवढाच तुकडा फिरतोय!"

मी घड्याळवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं होतं आणि ते पडद्यावरच्या माशीला न्याहाळत होते. भिंग खाली करून ते अगदी शांतपणे म्हणाले,

"वहिनी बरोबर बोलतायत. काटा पुढे जात नाहीय."

"म्हणजे?" पोस्टमास्तर डोलायचे थांबले.

"म्हणजे कीर्तन अजून सुरूच झालेलं नाही," ही म्हणाली. "तो बिचारा माणूस मघापासून विचारतोय, आत घेता का, आत घेता का. आणि आपण पाच जण हात जोडून बसलोय. कोणी बटण दाबेल तर ना!"

पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावरची भक्ती अशी उतरली, जसा उकळणाऱ्या दुधाचा फेस गॅस बंद केल्यावर बसतो. ते म्हणाले, "पण 'आत' वरचं वजन..." जुन्या यंत्रात तबकडी टाकली की आपोआप सुरू व्हायची. याला रिमोटने चौकट निवडावी लागते, तोवर हा तुकडाच फिरत राहतो. आणि तो रिमोट खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोणाचा हात लागून खराब होऊ नये म्हणून मीच जपून ठेवलेला!

आणि मावशी? ती या सगळ्यातलं काही ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते. काकांनी मान वर केली की तीही मान वर करत होती.

"बघितलंत?" ती म्हणाली. "परत बघितलं त्यांनी. बायकांत मला शोधतायत. मी नव्हते ना त्या दिवशी."

आता मावशीला काय सांगायचं? खाली गाडीचा भोंगा वाजला. मावशीला न्यायला आलेली गाडी! मी खोकं फाडलं, पिशवी दाताने तोडली, रिमोट काढला. त्यावर जेवढी बटणं होती तेवढी माणसंसुद्धा आमच्या ओळखीत नसतील. मी एक दाबलं. तबकडी बाहेर आली. मी ती आत ढकलली. दुसरं दाबलं. पडद्यावर नावांची रांग खालून वर सरकू लागली, आणि काही केल्या थांबेना.

"हे बघा, हे खरे देणगीदार!" पोस्टमास्तर म्हणाले.

पुन्हा भोंगा.

"अरे, काय झालं? हे कुठे गेले?" मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

"मावशी, काका आत आहेत. मी त्यांना बाहेर काढतोय!"

"द्या इकडे," म्हणून हिने रिमोट माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, एक चौकट निवडली, मग दुसरी, आणि कीर्तनाचा शेवटचा भाग समोर आला. बुवा मागे वळले. "आज शेवटचं कडवं तुम्ही गा." काकांनी पेटीवरचे हात न काढता तोंड वर केलं. मावशीने पदराचं टोक घट्ट धरलं.

काका गायले.

आता मी देवाला मानणारा माणूस आहे, खोटं लिहिणार नाही. काका बेसूर गायले! साधे बेसूर नाहीत. पेटी एकीकडे, गळा दुसरीकडे, आणि दोघांची भेट होण्याची शक्यता नाही, असे. आणि हाय डेफिनिशन! तबलजी खाली बघून ओठ चावत होता, ते दात मोजता येत होते. बुवांची उजवी भुवई हळूहळू वर चढत होती, तिचा केस न् केस दिसत होता. शेवटी बुवांनी मोठ्या प्रेमाने काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि ओळ आपल्याकडे काढून घेतली.

कोणी कोणाकडे बघेना. घड्याळवाले भिंग पुसत बसले. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. या एका कडव्यासाठी ही बाई इतके दिवस जीव टांगून बसली होती, आणि मी तिला ते नको तेवढं स्वच्छ दाखवलं!

आणि मावशी हसली. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"लबाड!" ती म्हणाली. "म्हणून घरी गात नव्हते होय! आणि मी मेली समजत होते, माझ्यावर रुसलेत, मी आले नाही म्हणून." तिने डोळे पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "सूनबाई, ते आधीचं लाव गं."

"आधीचं कोणतं?"

"ज्यात गात नाहीत. नुसतं बघतात."

हिने ते लावलं. बुवा दारात उभे राहिले, माशी आली, काकांनी मान वर केली. मावशीही वर बघून हसली. खाली भोंगा वाजत राहिला. कोणीही उठलं नाही, आणि या वेळी ते माझ्या सांगण्यावरून नव्हतं.

निघताना मावशीने तबकडी पदरात गुंडाळली आणि यंत्राकडे बघितलं. मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत काय आहे ते दिसायला हाय डेफिनिशन लागत नव्हतं. मी वायरी काढल्या. यंत्र चादरीत बांधून खाली नेलं आणि मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"तुमचं काय होतंय ते बघितलं," पोस्टमास्तर फाटकाशी म्हणाले. "मी जुनंच ठेवतो."

गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी धावत घरात गेलो, धावत परत आलो आणि धापा टाकत काचेवर टकटक केली.

"मावशी, रिमोट! रिमोट राहिला!"

मावशीने काच खाली केली, रिमोटकडे पाहिलं आणि माझी मूठ त्यावरच मिटून दिली.

"तुझ्याकडेच ठेव बाळा," ती म्हणाली. "मला लागत नाही."