तापाला नाव द्या

लग्नात विठ्ठलमामांच्या शेजारी बसू नये. बसलात, तर मांडीवरच्या पोराला शेवटचा ताप कधी आला होता, हे सांगितल्याशिवाय सांबाराचा घास घशाखाली उतरायचा नाही. "सर्दी नाही, खोकला नाही, मग ताप कसला? लघवी तपासली का?" हे ते वाढप्यासमोर खणखणीत आवाजात विचारतात.

तंजावरच्या लग्नांत पाहुण्यांना नारळ-पान घालून पिवळी कापडी पिशवी देतात. मामांच्या हातात कायम तसलीच पिशवी. आत मात्र लघवीच्या नमुन्याच्या निर्जंतुक डब्या. एकदा अदलाबदल झाली. नवऱ्या मुलीच्या आत्याने घरी जाऊन देवापुढे पिशवी उघडली, तर नारळाच्या जागी तीन डब्या. आत्याबाई अजून बोलत नाहीत. मामा म्हणतात, "नारळ बेस होता."

ते नात्याने माझे कोणी नव्हेत. आमच्या गल्लीत एकटे राहतात. सारा जन्म प्रयोगशाळेत लघवी तपासण्यात गेला. मी मुलांच्या आरोग्याची पत्रकं लिहिते, वाटते आणि स्पष्ट सांगते, मला चीड येते. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो, तिथे वण राहू शकतो, पुढे रक्तदाब वाढतो; आणि घरातली शहाणी माणसं म्हणतात, दात येताहेत! मामा तिथेच पेटतात. "दातांवर किती खापर फोडाल? तापाला नाव द्या!" कोणी लोणच्याच्या बाटलीत नमुना आणला की, "ह्यात लेकराचं काय आणि कैरीचं काय, कसं सांगू?"

गेल्या वर्षी मी वाचलं, की लघवीतल्या काही प्रथिनांवरून मूत्रपिंडावरचा वण ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे. सुई नको, स्कॅन नको! मी तमिळ पत्रकावर ठळक छापलं: 'एका थेंबात वण कळतो.' मामांना दाखवलं नाही. ते खोडत बसतात.

ते पत्रक पापनाशमच्या सेल्वीच्या हाती पडलं. तिच्या तीन वर्षांच्या यामिनीला मूत्रपिंडाचा संसर्ग होऊन सहा महिने झाले होते. वण राहिलाय का ते पाहायला डॉक्टरांनी शिरेत सुई टोचून करायचा स्कॅन सांगितला होता. सेल्वीने नेहमीची लघवीची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली, आणि तिने स्कॅन रद्द केला. मला फोन करून म्हणाली, "अक्का, तुमच्यामुळे लेकरू सुईतून सुटलं."

मी हे मामांना मिरवत सांगितलं. ते जेवत होते. हात थांबला.

"कण्णा," लाडक्या लेकराला म्हणावं तसं ते म्हणाले, "शोध चालू आहे म्हणजे काय? अजून सापडलेलं नाही. लघवी स्वच्छ म्हणजे आज जंतू नाहीत, एवढंच. जुना वण त्यात दिसत नाही."

पान तसंच टाकून त्यांनी पिशवी उचलली. मला घेऊन ते पापनाशमची बस धरायला निघाले.

सेल्वीला दारातच म्हणाले, "ही पोर शिकलेली आहे, पण चुकली. स्कॅन करा, अम्मा."

"मग कागदावर छापलं कशाला?" सेल्वीने मला विचारलं. पत्रकं लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न दारात उभं राहून एकदा ऐकावा.

स्कॅन झाला. एका मूत्रपिंडावर लहानसा वण निघाला. आता रक्तदाब पाहत राहायचं, आणि ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासायची. वेळेवर कळलं.

हे सांगायला गेले, तेव्हा मामा उरलेल्या पत्रकांवरची माझी ओळ एकेक करून खोडत होते. मीही बसले. दुसरं पेन शोधायला त्यांच्या पिशवीत हात घातला, तर तळाशी जुनी काचेची बाटली लागली. रिकामी. पिवळ्या पडलेल्या पट्टीवर मामांचं अक्षर: 'पद्मा, अकरा महिने.'

पद्मा, त्यांची मुलगी, मला फक्त भिंतीवरच्या फोटोतली माहीत. एकोणीस वर्षांची; फोटोला चंदनाचा हार. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, एवढंच गल्लीत बोलतात.

मामांनी बाटली माझ्या हातातून घेतली.

"रात्री ताप होता, म्हणून पट्टी चिकटवून ठेवली होती. सकाळी ताप उतरला. मी म्हटलं, दातच असतील, आणि कामावर गेलो." त्यांनी ती पदराने पुसावी तशी धोतराच्या टोकाने पुसली आणि परत पिशवीत, तळाशी ठेवली.

"ती भरायची राहिली," म्हणाले, आणि पुढचं पत्रक ओढलं.