धनलालभाऊंचं घर, जसंच्या तसं

धनलालभाऊ पटल्यांच्या घरी खाट सरकवायची नाही, हा नियम आमच्या गावात ग्रामसभेच्या ठरावापेक्षा कडक होता. पाहुणा बसला की भाऊंची नजर खाटेच्या पायांवर. पाहुणा उठला की भाऊ खाकरत पुढे येत आणि खाट बोटभर ढकलून मूळ जागी आणत. पाणी भरायचा पितळी गुंड, लोटा, दाराशी काढलेल्या चपला, सगळ्याला हाच कायदा. "जसंच्या तसं पाहिजे गा," एवढंच म्हणत. पुतणीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी पानाचा डबा भलत्याच कोनाड्यात ठेवला, तर भाऊंनी बोलणी चालू असतानाच उठून तो हलवला. सोयरीक थोडक्यात वाचली.

मी गोंदिया डेपोत कंडक्टर. आमच्या बौद्ध वस्तीच्या तोंडाशीच भाऊंचं घर, त्यामुळे त्यांचा हा कारभार मला येताजाता दिसायचा.

गावाला लागून इंग्रजांच्या काळची धावपट्टी होती. विमान उतरायचं कधीमधी. एरवी ती आमचीच. गुरं तिच्यावर बसत, पोरं सायकल शिकत, आणि धान निघालं की अख्खं गाव ते तिथंच वाळत घाली. दोन हजार सालानंतर धावपट्टी वाढवायचं ठरलं. आधी कुंपण आलं, मग मोजणीवाले आले, आणि मग कळलं की वाढीव पट्टी आमच्या घरांवरूनच जाणार आहे.

गाव पेटून उठलं. समाजमंदिरासमोर एकाच सतरंजीवर पवार, बौद्ध, गोंड सगळे बसले. "आधी पुनर्वसन, मग धावपट्टी," असं ठरलं आणि त्यावरून कोणी मागे हटलं नाही. मोजणीवाले आले की बाया विळे घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसायच्या. कापायच्या गवतच, पण तेवढा भरवसा मोजणीवाल्यांना नव्हता. शेवटी मोठे साहेब स्वतः गावात आले. कोणी जमिनीला जमीन मागितली, कोणी घरटी नोकरी, कोणी शाळा. मग भाऊ उठले.

"माले माझं घर जसंच्या तसं पाहिजे."

साहेब हसले. "काका, नवीन चांगलं बांधा ना. सिमेंटचं!"

"सिमेंटचं राहो की सोन्याचं राहो. दरवाजा उगवतीले पाहिजे. विहीर डाव्या हाताले. चूल जिथं आहे तिथंच."

"पण कशासाठी?"

"मी मागून राहिलो म्हनून."

सभा खो खो हसली. त्या दिवसापासून भाऊ दिसले की पोरं "जसंच्या तसं!" म्हणून ओरडायची. भाऊ ढिम्म. प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसायचे आणि हीच मागणी मांडायचे.

काही वर्षं अशी भांडणात गेली आणि नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले. चिठ्ठ्या काढल्या. भाऊंना निघाला मावळतीकडे तोंड असलेला, आतल्या गल्लीतला. मला कोपऱ्याचा, उगवतीला तोंड, डाव्या हाताला विहीर. माझी बायको सुनंदा तिथं किराणा दुकान टाकायची स्वप्नं बघू लागली. दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्या ओट्यावर हजर.

"कंडक्टर, प्लॉट बदलून दे."

"भाऊ, सुनंदाले दुकान टाकाचं आहे."

"माझ्या प्लॉटवर टाक."

"आतल्या गल्लीत गिऱ्हाईक कोन येईल?"

"मी येईन ना."

मग ते रोज येऊ लागले. मी ड्युटीवर असलो तर सुनंदासमोर बसत. एके दिवशी ती वैतागली. "त्या मानसाले एकदाचं नाई म्हनून या. मी चहा मांडून मांडून थकली."

मी नकार द्यायला त्यांच्या घरी गेलो. भाऊ शेतात होते. त्यांच्या बायकोला, रामकलावहिनींना, गाव गर्विष्ठ म्हणायचं. त्या बाहेर पडत नसत, आणि दारात उभ्या असताना कोणी हसलं तरी ओळख देत नसत. आतूनच त्यांनी "बसा जी" म्हटलं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ऊन तोंडावर येत होतं, म्हणून मी खाट सावलीत ओढली. वहिनी पाण्याचा लोटा घेऊन झपझप आल्या आणि सरळ खाटेवर आदळून पडल्या. मी हात पुढे केला. तो हात त्यांना दिसलाच नाही.

"खाट कोनं हालवली?" त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात भाऊ आले. वहिनींना उठवलं, गुडघा चोळला, आत नेऊन बसवलं, खाट जागेवर ओढली आणि मला बाहेर घेऊन आले.

"तिचे डोरे गेले. लई साल झाले. दवाखाने सारे करून पाह्यले. पन ह्या घरात तिचं काही अडत नाई. हात टाकते तिथं वस्तू सापडते. आंधरी म्हनून कोनी हात धरलेला तिले चालत नाई. कोनाले सांगू नोको म्हनते."

मला तिथंच रडू आलं. रागही आला. साऱ्या गावानं इतकी वर्षं हसावं आणि या माणसानं मुकाट हसू द्यावं!

"सुनंदाले सांगू?" मी विचारलं.

"सांग. कोपरा तिचा जाऊन राहिला."

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दुकान गल्लीत बी चालते."

कोपऱ्याच्या प्लॉटवर भाऊंचं घर उभं राहिलं. रंग लागायच्या आधी मी एका दुपारी बघायला गेलो, तर गवंडी तोंडाला हात लावून उभा. भाऊंनी डोळ्यांवर दुपट्टा करकचून बांधला होता आणि ते घरभर फिरत होते. दरवाजातून चुलीपाशी गेले, चुलीपासून देवापाशी आले, भिंतीला हात लावत मागच्या दारातून विहिरीकडे निघाले. तिथल्या पायरीला ठेचकाळून गुडघ्यावर पडले. गवंडी धावला. भाऊंनी त्याचा हात बाजूला सारला आणि दुपट्टा न सोडताच पायरी चाचपून पाहिली.

"ही उंच झाली. फोड."

"काका, पक्की बसली आहे आता."

"फोड म्हनतो ना. उद्या ती येऊन राहिली."