खिडकीवरचा गणपती

भटूनानांच्या कीबोर्डला काडेपेटीएवढी एक काचेची खिडकी आहे आणि त्या खिडकीवर गणपती चिकटवलेला आहे. किराणा दुकानात फुकट मिळतो तसला, चकचकीत कागदाचा. कीबोर्डवर देव असायला माझी काही हरकत नाही. पण आजूबाजूला हातभर मोकळी जागा असताना तो नेमका खिडकीवरच का, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. झाकलेली वस्तू दिसली की मला चैन पडत नाही. बायको म्हणते, "मागच्या जन्मी तुम्ही मांजर होतात, आणि या जन्मी अजून पुरते सुधारला नाहीत."

"नाना, हा गणपती जरा बाजूला सरकवला तर?"

"तो बसला तिथं बसला. देवाला ऊठ म्हणू नये. समेवर या, काय काम काढलंत?"

'समेवर या' हे नानांचं रोजच्या वापरातलं वाक्य. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. कितीही भटकलात तरी परत तिथंच यायचं. दूधवाला म्हैस आटल्याची कथा लांबवायला लागला की नाना म्हणणार, समेवर या. एकदा डॉक्टरांनी नानांना साखर, मीठ, तेल यांवर मोठं प्रवचन दिलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, समेवर या. जिलबी चालेल का?"

धुळ्याला देवपुरात आमची घरं समोरासमोर आहेत. नाना सत्तरी ओलांडलेले, काटक, आणि उजवा हात कायम हवेत. एके काळी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. चौदा वादक, एक मॅटाडोर आणि माइकवर लीलाअक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. साक्रीची जत्रा, जळगावचे गणपती, अमळनेरची लग्नं, सगळीकडे हीच मंडळी. नाना स्टेजवर स्वतः काही वाजवत नसत. मध्ये उभं राहून नुसते हात हलवत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ डास मारतोय. पण तो हात थांबला की चौदाच्या चौदा माणसं जागच्या जागी गप्प होत.

पुढे डीजे आले. बासरीवाल्याने जळगावात भरीत-पुरीची गाडी टाकली, ढोलकवाला पोराकडे सुरतेला गेला, मॅटाडोर भंगारात गेली. नानांकडे उरला तो हात. मग तो हात गल्लीवर चालायला लागला. पाण्याच्या टाकीसाठी मीटिंग भरली तेव्हा कोणी कधी बोलायचं हे नाना बोटाने दाखवत होते, आणि गंमत म्हणजे लोक ऐकत होते. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकत्र बसून ज्वारीचे पापडासारखे बिबडे थापतात. नाना तिथंही उभे. "सरलावहिनी, तुम्ही अर्धी मात्रा मागे पडताय." सरलावहिनींनी त्याच शिजवलेल्या पिठाचा वाटीभर गरम घाटा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हाई खा आणि घर जा, नाना."

लीलाअक्का नेमक्या उलट. बुटक्या, गोऱ्या, बोलणं मोजकं. वडील अमळनेरला तेलाच्या गिरणीत कामाला होते. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय तिथलीच, असं त्या सांगतात. त्यांच्या एका अहिराणी गाण्यात शेवटी आवाज वर चढतो आणि तिथंच ठाण मांडून बसतो. त्या सुराला साक्रीच्या जत्रेत माणसं बैलगाडीवर उभी राहायची म्हणे. नाना म्हणायचे, "तो सूर म्हणजे ऑर्केस्ट्रा. बाकी बठ्ठा सामान." बठ्ठा म्हणजे सगळा.

आता वर्षाकाठी दोन-चार ठिकाणी दोघं जातात. नानांचा डावा हात कीबोर्डवर, आणि उजवा हवेत, एकट्या अक्कांसाठी.

एका दुपारी अक्का बाजारात गेल्या होत्या. मी नानांकडे चहाला बसलो होतो. पाहतो तर गणपतीचा एक कोपरा सुटलेला. माझं नख आपोआप तिथं गेलं. नानांनी माझं मनगट धरलं, उठून दाराला कडी घातली आणि म्हणाले, "मरेपर्यंत बोलणार नसाल तर सांगतो."

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी अमळनेरला एका लग्नात अक्कांचा तो वरचा सूर भर मांडवात फाटला. पोरं हसली. अक्का घरी येऊन म्हणाल्या, "बस झालं. आते गाणं बंद." दोन महिने त्या घरात गुणगुणल्यासुद्धा नाहीत. या कीबोर्डात एक सोय असते. बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवायची आणि एक बटण दाबून सगळा आवाज हवा तितकी घरं, म्हणजे सुरांच्या पायऱ्या, खाली उतरवायचा. नानांनी न सांगता एक घर उतरवलं आणि अक्कांना कसंबसं गायला बसवलं. सूर लागला. अक्का हसल्या.

"पुढे दोन झाली, आता तीन," नाना म्हणाले. "तो आकडा त्या खिडकीत दिसतो. तिला वाटतं, आवाज आहे तसाच आहे. कळलं तर परत तोंड उघडायची नाही."

"पण त्यांना फरक जाणवत नाही?"

"एकदा म्हणाली, जरा खाली वाटतंय. मी सांगितलं, दमट हवेने कीबोर्ड उतरतो."

धुळ्याला दमट हवा! कपाळावर गंध लावावं तसा तो कोपरा मी अंगठ्याने नीट दाबून बसवला.

श्रावणात खान्देशात कानबाई देवी बसते. त्या वर्षी गल्लीची कानबाई आमच्याकडे होती. रविवारी संध्याकाळी देवी सजली, ओसरी बायकांनी गच्च भरली आणि अक्का गायला बसल्या. दोन गाणी झाली, अक्कांनी पाणी घेतलं आणि ते वरच्या सुराचं शेवटचं गाणं सुरू करणार, एवढ्यात माझ्या मेहुण्याने मोबाईल चार्जिंगला लावायला नेमकी कीबोर्डची पिन उपटली.

मी धावत जाऊन पिन परत लावली. कीबोर्ड सुरू झाला. पण नानांचा चेहरा पांढरा पडला, आणि कारण त्या घरात मला एकट्याला कळत होतं. पिन निघाली की सगळं मूळ जागी जातं. गणपतीखाली आता शून्य होतं. आकडा परत लावायचा तर तो दिसायला हवा, म्हणजे सगळ्यांदेखत गणपती उचकटायला हवा. नाही लावला तर अख्ख्या गल्लीसमोर अक्कांचा सूर पुन्हा फाटणार, आणि मग गाणं कायमचं बंद.

"वायरीत बिघाड दिसतोय," नाना म्हणाले. "आज राहू द्या."

"आसं कसं नाना? त्या गानाशिवाय कानबाई उठाव नही!" बायका ओरडल्या.

नाना उगाच वायर चाचपत बसले. उजवा हात एकदा वर गेला आणि तसाच खाली आला. त्या हाताला काय करावं ते सुचत नाही, असं मी प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात अक्का किंचित वाकल्या आणि देवीकडे बघतच हळू आवाजात म्हणाल्या,

"तीन खाली करी द्या ना. कानबाई बठ्ठं देखस."

नाना बघतच राहिले. मग त्यांनी गणपती सोडवला, कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि बटण दाबलं. सूर वर गेला आणि बसला. बायकांनी टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. साक्रीच्या बैलगाड्या मी पाहिलेल्या नाहीत, पण माझ्या अंगावर काटा आला तो खरा.

कीबोर्ड पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. नाना पुढच्या खोलीत पाठ करून वायर गुंडाळत होते. स्वयंपाकघरात मी अक्कांना विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिनपाईन. मना गळाले समजाव नही का?"

"मग बोलला नाहीत?"

अक्कांनी पुढच्या खोलीकडे पाहिलं. "चौदा मानसं त्यासना हातकडे देखेत. आते मी एकलीच शे." त्यांना त्या लग्नानंतर खरंच गायचं नव्हतं. पण "माझ्यासाठी चोरून काहीतरी करायचं म्हणून हा माणूस कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपासून तरतरीत होतो, तर करू दे," असं त्या अहिराणी सोडून मराठीत म्हणाल्या आणि मला चहा विचारला. मी फळीवरच्या कपबश्या खाली काढल्या.

नवरात्रात देवीच्या देवळात दोघं परत बसले. कीबोर्डची खिडकी उघडी होती. मी मुद्दाम जवळ बसून आकडा वाचला. तीन. अक्का म्हणाल्या, "आज चार करा."

"तीनच," नाना म्हणाले. "चारची काही गरज नाही. तुझा आवाज आहे तसाच आहे."

"समेवर या," अक्का म्हणाल्या.

नाना बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसले. मग त्यांनी ते दाबलं, डोळे पुसले, आणि "हवा फार दमट आहे," असं मला मोठ्याने सांगून उजवा हात वर केला. अक्का त्या हाताकडे बघत होत्या.